पांढऱ्या साडीचं एक्स्पोजर

फरीदाबादला आमच्या विहारात रविवारी वंदना झाली की चहा होतो, आणि चहानंतर मी बायका-पोरींना कॅमेरा शिकवते. म्हणजे शिकवत होते. गेल्या महिन्यात एका बाईंनी मध्येच हात वर केला. "ताई, आता मोबाइलमध्ये सगळं आपोआप होतं ना? मग हे ॲपर्चर नि शटर कशाला डोक्यात घालायचं?" बाकीच्या हसल्या. एरवी असल्या प्रश्नावर मीही हसते, पण त्या दिवशी माझं टाळकंच सटकलं. "आपोआप म्हणजे कुणाच्या मनाने? तुमच्या की मशीनच्या?" मी जरा जोरातच बोलले. मी कॅमेरा पिशवीत कोंबला आणि घरी निघून आले. आई जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते, एवढं त्यांना ठाऊक होतं. आईच्या फोटोचं काय झालं, ते मात्र बाबांना आणि मला सोडून कुणालाच ठाऊक नाही. त्या बाईंना द्यायचं राहिलेलं उत्तर म्हणून हे लिहिते आहे.

माझी आई काळी होती. सावळी नाही, निमगोरी नाही, गव्हाळ तर मुळीच नाही. काळी. कपाळ तुळतुळीत, नाक धारदार, डाव्या डोळ्याखाली तीळ, आणि हसली की उजव्या गालाला बारीक घडी पडायची. यातलं काही म्हणता काही आमच्या अल्बममध्ये नाही. त्याचं कारण साडी. आमच्याकडे मोठ्या दिवसाचा रंग पांढरा. जयंती असो, लग्न असो, बारसं असो, बायका निळ्या काठाची पांढरी साडी नेसतात. आणि फोटो निघतात ते त्याच दिवशी. भांडी घासताना कोण कुणाचा फोटो काढतं?

आता यात कॅमेऱ्याचा काय संबंध, ते सांगते. फोटोत उजेड किती शिरू द्यायचा, त्या मापाला एक्स्पोजर म्हणतात. फार शिरला तर फोटो फटफटीत, कमी शिरला तर काळाकुट्ट. हे माप घ्यायला कॅमेऱ्यात मीटर असतं. त्याला माणूस दिसत नाही, नाकडोळे दिसत नाहीत, फक्त उजेड मोजता येतो. आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसवलेली असते, की समोर जे काही आहे ते सरासरीने मधल्या करड्या रंगाचं आहे. मग समोर पांढऱ्याशुभ्र साड्यांची रांग आली की ते दचकतं. बाप रे, केवढा हा उजेड, असं म्हणून ते सगळा फोटोच अंधारा करून टाकतं. साड्या करड्या होतात. गोऱ्या बाया सावळ्या दिसतात, सावळ्या काळ्या दिसतात, आणि माझ्या आईसारख्या दिसतच नाहीत.

एका लग्नाचा अल्बम आला तेव्हा माझ्या चुलतभावाने तिच्या फोटोवर बोट ठेवून विचारलं होतं, "काकू, ही साडी नुसती उभी कशी राहिली हो?" सगळे खो खो हसले. आई सगळ्यांत मोठ्याने हसली. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली होती. वाजवली नाही, याचं अजून वाईट वाटतं.

दुसरी तऱ्हा माझी. मी चोवीस वर्षांची असताना बाबांनी बायोडेटाला लावायला स्टुडिओत माझा फोटो काढवून घेतला. स्टुडिओवाल्याने न विचारताच मला तीन-चार छटा उजळून गोरी केलं. कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या सरकारी अतिथिगृहाच्या कँटीनमध्ये मुलाकडच्यांशी भेट ठरली. तेव्हा दिल्लीतली मराठी माणसं अशा बैठकांना तिथेच जमायची. मुलाची आई माझ्याकडे बघायची, हातातल्या फोटोकडे बघायची, पुन्हा माझ्याकडे बघायची. शेवटी म्हणाली, "फोटोत वेगळी वाटली होती." चहा निवेपर्यंत ते लोक उठलेसुद्धा. घरी येताना बसमध्ये आई म्हणाली, "फोटो खराब निघाला गं तुझा." खराब! फोटो इतका उत्तम निघाला होता की माझी गरजच उरली नव्हती. त्यानंतर मी कुणालाच बायोडेटा दिला नाही. सरकारी कचेरीत लागले, फरीदाबादहून आधी बसने, मग मेट्रोने ये-जा करत राहिले, आणि आईबाबांजवळच राहिले.

आईच्या किडन्या गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील. दिवसाआड डायलिसिस. ते करून आली की ती पिळून काढलेल्या फडक्यासारखी व्हायची, पण जीभ शाबूत. एकदा ऑटोतून येताना म्हणाली, "मी गेल्यावर भिंतीवर लावायला एक फोटो काढून ठेव. माझ्यासारखा दिसणारा. नाहीतर तुम्ही लोक त्या नुसत्या साडीला हार घालाल."

"काहीतरी बोलू नकोस," मी म्हटलं.

"काहीतरी कुठे? सगळ्यांचे लागतात, माझाही लागेल."

त्याच आठवड्यात मी कॅमेरा घेतला आणि दिल्लीत शनिवारचा एक क्लास लावला. एकच ठरवलं होतं. आईचा फोटो मी काढणार, पांढऱ्या साडीत काढणार, आणि तो आईच्या रंगाचा असणार. पंचेचाळिशीत कॅमेरा शिकणं काही सोपं नव्हतं, पण हट्टाला पेटले होते.

ॲपर्चर म्हणजे भिंगातल्या छिद्राचं तोंड. जास्त उघडलं की जास्त उजेड. त्याला आकडे असतात, आणि आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं. बाकीची मुलं या उफराट्या कारभाराने चक्रावली. मी वीस वर्षं सरकारी नोकरी केलेली, मला चटकन समजलं. शटर म्हणजे पडदा. तो किती वेळ उघडा राहतो, तो शटर स्पीड. आईचे हात, मान, सगळंच थोडं थरथरायचं, म्हणून पडदा झटकन मिटायला हवा होता. आयएसओ म्हणजे असलेल्या उजेडाला किती ताणायचं ते. फार ताणलं तर अंधारातही फोटो येतो, पण त्यात रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. हे तिघं म्हणजे एका स्वयंपाकघरातल्या तीन जावा. एकीने जागा बदलली की उरलेल्या दोघींना सरकावंच लागतं. तोंड मोठं उघडलं तर उजेड मिळतो, पण मग डोळा स्पष्ट आणि कान धूसर, कारण फोकसच्या पुढेमागे जेवढा पट्टा नीट दिसतो तो चिंचोळा होतो. त्या पट्ट्याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. मला आईचे कानही हवे होते. तिच्या कानाच्या पाळ्या ओघळलेल्या होत्या, त्यासुद्धा.

मग स्पॉट मीटरिंग कळलं. म्हणजे मीटरला सांगायचं, सगळीकडे बघू नकोस, एवढ्या टिकलीएवढ्या जागेतला उजेड मोज. मला वाटलं, जिंकले! आईच्या गालावर टिकली धरली आणि बटण दाबलं. पण मीटर ते मीटरच. या वेळी त्याला समोर काळं दिसलं, मग त्याने ते उजळवून करडं केलं. आई गव्हाळ झाली, साडी भाताच्या पेजेसारखी वाहून गेली. तो फोटो क्लासमधल्या सरांना दाखवला तर ते खूश. "अब आया ना ग्लो, मॅडम! पहले सब्जेक्ट बहुत डार्क था." सब्जेक्ट! मी म्हटलं, "सर, वो मेरी माँ है." ते म्हणाले, "हाँ हाँ, बिल्कुल," आणि पुढच्या मुलाकडे वळले.

खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं की आता उशीर करू नये. पण मी शहाणी ना! प्रत्येक रविवारी वाटायचं, अजून एक गोष्ट शिकू, मग काढू. भिंग बदललं, कॅमेऱ्यापेक्षा जड, नाकापेक्षा मोती जड तसलं. मग व्हाइट बॅलन्स शिकले, म्हणजे उजेडाचा स्वतःचा रंग कॅमेऱ्याला समजावून सांगणं, नाहीतर ट्यूबलाइटखाली माणूस निळसर दिसतो आणि दिव्याखाली पिवळा. तोवर दिवाळी गेली, धुराची चादर आली, महिनाभर ऊन म्हणून दिसेना. आणि मी व्हाइट बॅलन्स घोटत बसले होते तेव्हा आईचा रंगच बदलत होता. त्या आजारात कातडीचं तेज जातं. पायांना सूज, डोळ्यांखाली सूज, गालाची घडी भरून निघालेली. माझं सगळं वरातीमागून घोडं. मला रोज दिसत होतं आणि मी रोज म्हणत होते, पुढच्या रविवारी.

जानेवारीत एका रविवारी सकाळी साडेदहाला गॅलरीत ऊन आलं. आदल्या दिवशीच डायलिसिस झालं होतं, सूज कमी होती. आईनेच सांगितलं, "चल, काढ आज." आईला निळ्या काठाची साडी नेसवली. सुया टोचून टोचून फुगलेला डावा हात पदराखाली घेतला. गॅलरीच्या जाळीवर जुनी मच्छरदाणी टाकली, म्हणजे ऊन मऊ पडेल. मागे भिंतीवर पाणी झिरपल्याचे डाग होते, म्हणून बाबा चादर धरून उभे राहिले. पाच मिनिटांनी त्यांचे हात दुखायला लागले. आई म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पाठीशी उभे राहिलेत, तेवढं तरी नीट राहा." बाबा हसले, आईही हसली, आणि गालाला ती घडी पडली.

मीटर अर्थातच पांढऱ्या साडीला घाबरलं होतं. पण आता त्याचा उपाय मला येत होता. अधिक-उणे चिन्हाचं एक बटण असतं, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. म्हणजे मीटरला आपण सांगायचं, बाबा रे, समोर खरंच पांढरं आहे, घाबरू नकोस, थोडा जास्त उजेड येऊ दे. मी काटा अधिककडे दीड घर सरकवला. बटण दाबलं.

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर आई आली. साडी पांढरी, तिची वीणसुद्धा दिसत होती. आणि साडीत आई, काळी, आईच्या रंगाची. तीळ होता. कपाळावर उन्हाची एक रेघ होती. ओघळलेल्या पाळ्या होत्या, घडी होती. मी हमसून हमसून रडले. इतकी वर्षं ज्या बाईच्या हातचं खाल्लं तिला मी फोटोत पहिल्यांदा बघत होते. तेवढा एक आनंद मला झाला. तो साधारण दोन मिनिटं टिकला.

आईने चष्मा लावला. कॅमेरा हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "एवढी काळी आहे मी?"

मला वाटलं, गंमत करते आहे. मी म्हटलं, "आहेसच. बघ किती सुंदर दिसतेस."

"काहून गं, एवढं शिकलीस आणि तुला आईचा रंगच दिसला?"

"अगं, तूच म्हणालीस ना, माझ्यासारखा पाहिजे!"

"माझ्यासारखा म्हणजे नाकडोळे दिसायला पाहिजेत असं म्हटलं होतं. रंग दाखव असं म्हटलं होतं का? थोडं उजळ कर ते."

मग माझं भाषण सुरू झालं. आपल्याला रंगाची लाज कुणी शिकवली, आपण कुणाची लेकरं, माणसाची किंमत कशात असते, असं बरंच काही मी बोलले. सगळं खरं होतं, आजही खरंच आहे. आईने मध्येच थांबवलं. "हे विहारात बोल. भिंतीवर मी राहणार आहे, तू नाही. आयुष्यभर काळी म्हणून ऐकून घेतलं, हसून साजरं केलं. मेल्यावर तरी नको. मेल्यावर मला उलटून हसताही यायचं नाही."

मी बाबांकडे बघितलं. ते चादरीची घडी करत होते. म्हणाले, "कर ना यार, तिला बरं वाटतं तर."

मी फोटो फोनमध्ये घेतला आणि तिच्यासमोर बसून उजेडाची पट्टी सरकवायला लागले. ती म्हणाली, "आणखी." मी आणखी केलं. "आणखी." तीळ फिका झाला. "थोडं आणखी." कपाळावरची उन्हाची रेघ कपाळातच मिसळून गेली. एका जागी आली तेव्हा ती म्हणाली, "हां. आता बरी दिसते," आणि इतकी समाधानाने हसली की मी निमूटपणे सेव्ह केलं. जुन्याच फोटोवर नवा बसला.

"आता तो कॅमेऱ्यातला पूस," आई म्हणाली. "माझ्यासमोर. मी ओळखते तुला. मी गेले की तू तुझंच खरं करशील."

तिने बरोबर ओळखलं होतं. माझ्या मनात तेच होतं. आणि कॅमेऱ्यात त्या फोटोची दुसरी प्रतही नव्हती. फोटो दोन तऱ्हांनी साठवता येतो. एक रॉ, म्हणजे कच्चा, कॅमेऱ्याने जे जे बघितलं ते सगळं जपून ठेवलेलं. दुसरा जेपीजी, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच शिजवून, नको ते टाकून दिलेला. फोनमध्ये घ्यायला सोपं म्हणून मी जेपीजीवरच ठेवला होता. एवढे सगळे शब्द पाठ केले आणि नेमकी तिथे आळस केला. डोंबलाची फोटोग्राफर मी! कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह असलेलं बटण दाबलं. कॅमेऱ्याने विचारलं, नक्की ना? आई बघत होती. मी पुन्हा दाबलं.

खोटं बोलता आलं असतं. तिला कॅमेऱ्यातलं काही कळत नव्हतं, दुसराच एखादा फोटो पुसून दाखवला असता तर तिला पत्ताही लागला नसता. हे मला तेव्हाही सुचलं होतं. पण ती माझ्याकडे विश्वासाने बघत होती, आणि मला वाटलं, तिचा चेहरा तिचा आहे, त्याचं काय करायचं ते तिने ठरवावं. मी चुकले का? मला ठरवता येत नाही. दोन्ही बाजूंनी माझाच जीव तुटतो.

फेब्रुवारीच्या शेवटी आई गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी फोटो मोठा करून, हार घालून ठेवला. लोक येत होते, मेणबत्ती लावत होते. वीस वर्षं दर रविवारी जिच्या शेजारी आई बसायची ती बाई फोटोसमोर उभी राहून म्हणाली, "अगदी समोर बसल्यासारख्या वाटतात हो." चुलतभाऊ म्हणाला, "काकू काय मस्त आली आहे, यार." एकानेही म्हटलं नाही की ही ती नाही. मी वाट बघत होते. कुणीतरी म्हणेल, निदान एक जण तरी म्हणेल, म्हणून रात्रीच्या जेवणापर्यंत थांबले.

विहारातून रागाने घरी आले त्या रविवारी मी पहिल्यांदा तो फोटो लॅपटॉपवर उघडला. पुसलेले फोटो कार्डातून परत मिळवता येतात म्हणे, पण त्या कार्डावर मी मधल्या काळात विहाराचे तीन कार्यक्रम भरले होते. बैल गेला आणि झोपा केला. मग ठरवलं, जसा उजळ केला तसाच काळा करू. पट्टी उलटी सरकवू, आई परत येईल.

येत नाही. उजेड हद्दीबाहेर गेला की त्या जागी काहीच उरत नाही, ना धागा, ना सुरकुती, नुसतं कोरं. फोटोवाले त्याला हायलाइट जळाले म्हणतात. अंधारातून थोडंफार ओढून बाहेर काढता येतं. जळालेलं परत येत नाही. मी पट्टी जितकी खाली आणली तितका चेहरा राखेसारखा होत गेला. कपाळ कोरं, तिळाच्या जागी डाग. तांबूसपणा वाढवला तर विटकरी झाली. निळा कमी केला तर आजारी दिसली. आणि मग माझ्या लक्षात आलं, की मी कशाशी ताडून बघते आहे तेच मला सांगता येत नाही. काळी, काळी, असं मी मघापासून लिहिते आहे, पण काळी म्हणजे नेमकी कशी? डोळे मिटले तर शब्द येतो, रंग येत नाही.

शेवटी तीन वेगवेगळे केले आणि बाबांना हाक मारली. सत्तेचाळीस वर्षांचा संसार, त्यांना तरी आठवत असेल. ते चष्मा पुसत आले, खुर्ची ओढून बसले. मी विचारलं, "बाबा, यातला आईचा रंग कुठला? अगदी जवळचा सांगा, तेवढ्यावर मी पुढचं करते."

त्यांनी तिन्ही फोटो पुन्हा पुन्हा बघितले. मग भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं.

"मला नको विचारूस गं," ते म्हणाले. "मी दिवसभर हिच्याच समोर बसतो. आता डोळे मिटले तरी हीच दिसते."